साबणाचा पुरेसा साठा

सरकार कसं चालतं हे मला नेमकं माहीत आहे, कारण गेली एकतीस वर्षं ते माझ्या टेबलावरून जातं. पुरवठा कार्यालयात मी वरिष्ठ लिपिक आहे. वरून कागद आला की मी त्याला नंबर देतो आणि खाली पाठवतो. खालून आला की दुसरा नंबर देतो आणि वर पाठवतो. "मग मधल्या मध्ये तुम्ही करता काय?" असं आमची ही विचारते. तिला राज्यकारभार समजत नाही. पण घर तिच्या हातात असल्यामुळे मी वाद घालत नाही.

ही गोष्ट घडली तेव्हा माझ्या निवृत्तीला सात महिने होते. एकतीस वर्षांत माझ्या सेवापुस्तकात लाल शाईचा एकही ठिपका पडलेला नाही. अशा माणसाला निरोपाच्या दिवशी 'निष्कलंक सेवा' असं प्रमाणपत्र मिळतं, चौकटीत बसवून. त्यासाठी समोरच्या खोलीत, आल्यागेल्याची नजर पडेल अशा जागी, मी आधीच खिळा ठोकून ठेवला होता. ही त्याच्यावर बाजाराची पिशवी अडकवायची. "अगं, तो खिळा कशासाठी आहे!" हे मी दहा वेळा सांगितलं. "तोपर्यंत काय नुसता बघत बसू त्याच्याकडे?" हे तिनेही दहा वेळा सांगितलं.

आता एक खात्यातली गोष्ट सांगतो, कुठे बोलू नका. सरकारी कागदात 'घाबरण्याचे कारण नाही' हे वाक्य आलं की घाबरायचं. हा माझा एकतीस वर्षांचा अनुभव आहे. मेणबत्त्यांच्या वेळी 'घाबरण्याचे कारण नाही' मी स्वतः टाईप केलं आणि पुढचे दोन महिने आम्ही घरात चाचपडत फिरलो. काडेपेट्यांच्या वेळी तेच. वाक्य जितकं ठाम, तितकी वस्तू लवकर गायब. 'पुरेसा साठा' असेल तर महिनाभर अवधी असतो. 'मुबलक साठा' असेल तर चप्पल घालून तसंच निघायचं.

त्यातून माझा स्वभाव जगाची काळजी करण्याचा. कुठल्यातरी देशाचं चलन घसरलं, कुठली बँक बुडाली, कुठे बोटी अडकल्या, की मी ते कात्रण कापून ठेवतो. पंधरा वर्षांची कात्रणं माळ्यावर आहेत. "त्यांचं करायचं काय?" असं ही विचारते. काळजी करायची म्हणजे काही करायचं असतं असं थोडंच आहे?

तर एका मंगळवारी साहेबांनी मसुदा माझ्यापुढे टाकला. शनिवारी जाहीर करायचं परिपत्रक होतं. 'देशात अंगाच्या साबणाचा पुरेसा व मुबलक साठा उपलब्ध आहे. नागरिकांनी घाबरण्याचे कारण नाही.' 

पुरेसा आणि मुबलक! दोन्ही एकाच ओळीत! एकतीस वर्षांत मी असं पाहिलं नव्हतं. टाईप करताना 'मुबलक' तीनदा खोडावं लागलं.

त्याच दुपारी डोकं दुखतंय म्हणून अर्धी रजा टाकली आणि थेट ठोक बाजार गाठला. बारा डझनांचे दोन खोके घेतले. दोनशे अठ्ठ्याऐंशी वड्या. दुकानदाराने मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाला, "मोठं कुटुंब दिसतंय." मी म्हटलं, "स्वच्छतेची आवड आहे." टॅक्सीवाल्याला सांगितलं की खोक्यांत पुस्तकं आहेत. दोन चौक गेल्यावर तो काच खाली करत म्हणाला, "काय सुंदर वास येतोय हो तुमच्या पुस्तकांना!"

घरी आलो तेव्हा सगळी इमारत दुपारची झोपली होती. मी एकेक खोका छातीशी धरून तीन जिने चढलो. दार उघडून हिने आधी खोक्यांकडे आणि मग माझ्याकडे पाहिलं.

"हे काय?"

"जागतिक परिस्थिती," मी धापा टाकत म्हणालो.

तिने झाकण उघडलं. "अहो, आपण दोघंच आहोत घरात. मेल्यावरसुद्धा इतका साबण लागत नाही माणसाला."

"तुला कळायचं नाही. शनिवारी कळेल."

खोके पलंगाखाली गेले. रोज संध्याकाळी कार्यालयातून आलो की मी ते पायाने जरा ढकलून बघायचो. जागचे हलले नाहीत की बरं वाटायचं. इकडे वासाने मात्र आमचा पिच्छा धरला. गुलाबाचा वास होता. चादरींना आला, माझ्या शर्टांना आला, मग तांदळाला आला. चौथ्या दिवशी चहाला आला. "चहात आता फेस तेवढा यायचा राहिलाय," असं म्हणून हिने कप माझ्यापुढे आदळला.

इथपर्यंत सगळं माझ्या ताब्यात होतं. चूक झाली ती वरच्या मजल्यावरच्या मास्तरांपाशी. मास्तर शाळेत भूगोल शिकवायचे. आता सेवानिवृत्त आहेत, म्हणजे संपूर्ण इमारतीला शिकवतात. शुक्रवारी जिन्यात भेटले आणि नेहमीप्रमाणे जगाची परिस्थिती समजावू लागले. मी पंधरा वर्षं हे ऐकून घेतोय. त्या दिवशी माझ्याकडे त्यांच्यापेक्षा जास्त माहिती होती आणि ती माझ्या पोटात मावेना. मी फक्त एवढंच म्हणालो, "मास्तर, साबणाचं बघून ठेवा."

बस्स, इतकंच बोललो!

"अच्छा," मास्तर डोळे मिटून म्हणाले. "बोटी अडकल्यात."

"कुठे?"

"समुद्रात."

संध्याकाळपर्यंत इमारतीतल्या चौदाही घरांना बोटी अडकल्याचं माहीत होतं. मास्तरांनी सतरा वर्षं शिकवलेले विद्यार्थी गावभर पसरलेले. शनिवारी सकाळी कोपऱ्यावरच्या दुकानापुढे रांग लागली. दुपारी आमचं परिपत्रक निघालं. सकाळपर्यंत ज्यांना शंका होती, त्यांची खात्री पटली. संध्याकाळी दुकानदाराने फळीवर साबणाच्या जागी एक फुलदाणी मांडून ठेवली होती, तीही कुणीतरी विकत मागितली.

रविवारी दूरदर्शनवर एक तज्ज्ञ बसवले. त्यांनी नकाशावर काठी फिरवत सांगितलं, की एका दूरच्या खंडात तेलबियांचं पीक बुडालं, त्यामुळे दुसऱ्या खंडातलं चलन गडगडलं, आणि त्याचा हा परिणाम. वर मास्तर ओरडले, "सांगितलं नव्हतं मी?" छतातून ऐकू आलं. मी खुर्चीत आकसून बसलो होतो. त्या नकाशात माझं कुठे नाव नव्हतं, पण काठी फिरत फिरत आपल्या गल्लीवर येते की काय अशी धाकधूक वाटत होती.

सोमवारी मंत्र्यांनी कमाल केली. लोकांना दिलासा म्हणून त्यांनी सगळ्यांदेखत हात धुऊन दाखवले. हेतू चांगला होता. पण त्यांच्या हातातली वडी झिजून पापुद्र्याएवढी झालेली होती. सबंध देशाने ती पाहिली. "मंत्र्यांच्याच घरी ही गत, तर आपलं काय!" असं जो तो म्हणू लागला. मंगळवारी धुण्याचा साबण संपला, बुधवारी भांड्यांचा. गुरुवारी लोक राख शोधत होते.

आणि गावात गुलाबाचा वास येणारा माणूस एकच होता, तो म्हणजे मी. साबण लपवता येतो, स्वच्छता कशी लपवणार? कार्यालयात माणसं माझ्याशेजारून जाताना हळूच श्वास आत ओढायची. शेवटी मीच आंघोळीला रजा दिली. तीन दिवस. पलंगाखाली दोनशे अठ्ठ्याऐंशी वड्या आणि वर मी खाजवत बसलेला.

याच दिवसांत एका सकाळी खालच्या मजल्यावरच्या नर्सबाई दारात आल्या. त्या प्रसूतीच्या वॉर्डात असतात. उभ्या उभ्याच म्हणाल्या, "तुम्ही पुरवठ्यात आहात म्हणून विचारते. वॉर्डात साबण संपलाय. नुसत्या गरम पाण्यावर चालवतोय. तान्ही मुलं असतात हो. कुठून दहा-वीस वड्या मिळतील का?"

त्यांच्या आणि त्या खोक्यांच्या मध्ये फक्त एक पडदा होता. मी तोंड उघडलं, आणि त्यातून काय बाहेर पडावं? "पुरेसा साठा आहे, नर्सबाई. घाबरण्याचं कारण नाही."

त्यांनी मान हलवली आणि खाली गेल्या. मला माझी भयंकर लाज वाटली. आयुष्यात मी पुष्कळ परिपत्रकं काढली, पण माणसाच्या तोंडावर वाचून दाखवायची वेळ प्रथमच आली होती. मागे वळलो तर ही स्वयंपाकघराच्या दारात उभी. ती पडद्याकडे बघत होती. तिने बोलायला हवं होतं.

पुढच्या सोमवारी नवा आदेश आला. प्रत्येक कुटुंबाला बारा वड्यांची मर्यादा. जास्त सापडल्यास जप्ती. साठेबाज सरकारी नोकर असेल तर सेवापुस्तकात लाल शाईने नोंद. हा आदेशही मीच टाईप केला. घरी जाऊन खोके कुठेतरी टाकून यावेत असं रोज ठरवायचो. पण चौदा घरांच्या देखत गुलाबाचा तो दरवळ घेऊन जिना कसा उतरायचा? आणि नर्सबाईंना आता कुठल्या तोंडाने देणार? दिले तर 'तेव्हा का नाही दिले' याचं उत्तर द्यावं लागलं असतं. मी खोके पायाने ढकलून पाहायचो. जड होते. पूर्वी वाटायचं तसं बरं आता वाटत नव्हतं.

तपासणीची पथकं ठरली. साहेबांनी यादी वाचली. आमच्या गल्लीच्या पथकात स्वतः साहेब आणि नोंदवही धरायला मी.

"साहेब, त्या गल्लीत मी राहतो," मी क्षीण आवाजात म्हटलं.

"मग उत्तमच! घरं माहीत असतील."

तेरा घरं झाली. कुणाकडे दोन वड्या, कुणाकडे अर्धी. मास्तरांकडे तीन तुकडे सापडले, पण साहेबांना बोटींचा प्रश्न पाऊण तास ऐकावा लागला. नर्सबाईंकडे एक. मी वहीत मान खाली घालून लिहीत होतो. तेरावं घर झाल्यावर साहेब म्हणाले, "आता तुमचं." स्वतःच्या दाराची घंटा मी एकतीस वर्षांत पहिल्यांदा वाजवली.

हिने दार उघडलं. "कोण पाहिजे?"

"अगं, मी..."

"तपासणी पथक," साहेब म्हणाले.

"या ना. चपला बाहेर काढा. तुम्हीसुद्धा," ती मला म्हणाली.

साहेबांनी समोरच्या खोलीत पाय ठेवला आणि नाक वर केलं. "वास फार छान येतोय हो घरात."

"येतो खरा," ही म्हणाली.

साहेब वासाच्या मागोमाग चालू लागले. पडदा सारला, वाकले आणि पलंगाखाली बघून म्हणाले, "हे खोके कसले?" मी पडद्याअलीकडेच थांबलो. माझ्या अगदी डोक्याशी तो खिळा होता, पिशवी लटकवलेला. एकतीस वर्षं डोळ्यांसमोरून सरकली. सांगून टाकावं, निदान आपल्या तोंडाने सांगावं, असं वाटून मी म्हणालो, "साहेब, एक सांगायचं होतं..."

"तुम्ही थांबा हो जरा," ही म्हणाली, आणि तिने स्वतः खोका बाहेर ओढून झाकण उघडलं.

आत कात्रणं होती! काठोकाठ. चलन घसरलं, बँक बुडाली, बोटी अडकल्या. साहेबांनी हात घालून तळापर्यंत चाचपलं. दुसऱ्या खोक्यातही तेच.

"हे काय आहे?"

"ह्यांची जगाची काळजी," ही म्हणाली. "पंधरा वर्षांचा साठा आहे. याच्यावर काही मर्यादा आहे का हो सरकारची?"

साहेबांनी गंभीरपणे खिशातून आदेश काढला, चष्मा लावला आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला. "नाही. यात फक्त साबण आहे."

"साबण न्हाणीघरात आहे. बारा."

मोजले. बारा होते. वहीत घरमालक म्हणून मी सही केली, खाली तपासणी कर्मचारी म्हणूनही मीच केली, आणि दोन्ही सह्या वेगवेगळ्या आल्या. साहेब निघाले, दारात घुटमळले, माझ्याकडे न बघता हिला हळूच म्हणाले, "वहिनी, एखादी वडी..." हिने ती कागदात गुंडाळून तयारच ठेवली होती.

दार लागल्यावर मी विचारलं, "कधी?"

"नर्सबाई आल्या त्याच दुपारी. पहिला खोका वॉर्डात गेला. दुसरा घराघरांत. रोज पिशवीतून थोड्या थोड्या. तुम्ही संध्याकाळी लाथ मारून बघणार हे माहीत होतं, म्हणून वजनाला तुमची कात्रणं भरली. कशाच्या तरी उपयोगी पडली."

"घराघरांत? म्हणजे सगळ्यांना माहीत होतं?"

"सगळ्यांना. मास्तरांना चार दिल्या. त्यांनी आज एकीचे तुकडे दाखवले आणि बाकीच्या पृथ्वीगोलाच्या पेटीत ठेवल्या."

म्हणजे गेले दहा दिवस मी जिन्यात ज्यांच्यापुढे चोरासारखा अंग चोरून चालत होतो, ते सगळे माझ्याच साबणाने आंघोळ करून मला 'काय, कसं काय' विचारत होते! मला राग यायला हवा होता. आला नाही. दुसऱ्या दिवशी नर्सबाई भेटल्या आणि एवढंच म्हणाल्या, "वॉर्डातली सगळी मुलं ठणठणीत आहेत." मी मान खाली घातली. "मी तेव्हा खोटं बोललो," असंही म्हणालो. "माहीत होतं," त्या म्हणाल्या. "पडद्यातून वास येत होता."

महिन्याभरात साबण परत आला. सगळ्यांच्या घरी इतका साठला होता की पुढे कुणी विकत घेईना. आता दुकानदार हवालदिल झाला. दूरदर्शनवरच्या तज्ज्ञांनी याचंही कारण त्याच नकाशावर दाखवलं.

प्रकरण बंद करायचं म्हणून फाईल माझ्याकडे आली. नंबर द्यायला मी ती चाळू लागलो. सगळ्यात वर मर्यादेचा आदेश. त्याखाली आमचं परिपत्रक. त्याखाली राजधानीचं पत्र, की साबणाच्या संभाव्य टंचाईबद्दल खालून अहवाल आला आहे, सबब जनतेला आश्वस्त करावे. त्यावर सात सह्या. आणि तळाशी तो अहवाल. आमच्याच कार्यालयातला, तिमाही तक्ता. रकाना नऊ, 'टंचाईची शक्यता असलेली वस्तू. रकाना रिकामा सोडू नये.' त्यापुढे एकच शब्द लिहिला होता. साबण.

अक्षर माझं होतं.

मग आठवलं. दर तिमाहीला हा तक्ता भरावा लागतो. टंचाई कशाचीच नसते, पण रकाना रिकामा सोडला की तक्ता परत येतो. त्या दिवशी काय लिहावं सुचेना. खिशात हिने दिलेली चिठ्ठी होती, 'येताना साबण आणा.' मी ते उतरवलं. वर गेलं, सात सह्या झाल्या, खाली आलं, आणि मी घाबरलो. जगाची अर्थव्यवस्था, अडकलेल्या बोटी, दूरच्या खंडातलं चलन, आणि खाली तळाशी माझ्या बायकोची चिठ्ठी. मी फाईलला नंबर दिला आणि बंद केली. दुसरं काय करणार?

पण आठवड्याभराने पुढच्या तिमाहीचा तक्ता आला. रकाना नऊ. मी 'निरंक' लिहिलं. तक्ता परत आला, वर शेरा, 'रकाना रिकामा सोडू नये.' खिशातली चिठ्ठी मी मुद्दाम काढली नाही. एकतीस वर्षांत पहिल्यांदाच मी कागदावर स्वतःच्या मनातलं काही लिहिलं. सेवापुस्तक डोळ्यांपुढे दिसत होतं, तरी लिहिलं. 'धीर.'

साहेबांनी न वाचता सही केली. कागद वर गेला. मी रोज बोलावण्याची वाट बघत राहिलो. तीन आठवड्यांनी तो खाली आला, सात सह्यांसकट. परिपत्रक मीच टाईप केलं आणि एक प्रत घडी घालून घरी नेली.

हिने चष्मा लावून वाचलं. 'देशात धीराचा पुरेसा व मुबलक साठा उपलब्ध आहे. नागरिकांनी घाबरण्याचे कारण नाही. कोणीही गरजेपेक्षा जास्त धीर घरात साठवून ठेवू नये.'

तिने ते दुसऱ्यांदा वाचलं. मग चष्मा काढला.

"आपल्याकडे किती आहे?"

मी विचार केला. निवृत्तीला तीन महिने उरले होते. "तीन महिने पुरेल."

"मग झालं तर," ती म्हणाली. खिळ्यावरची पिशवी काढून तिने माझ्या हातात दिली. "जरा दुकानात जाऊन या. साबण संपलाय. आणि हे बघा, एकच आणा."